हात न लावता एक फेरी

"त्याला म्हणावं, डबा टेबलावर ठेव आणि दोन पावलं मागे हो," दादा म्हणाला.

ज्याला म्हणायचं होतं तो धाकटा भाऊ दादापासून हातभर अंतरावर उभा होता आणि त्याचे कान ठणठणीत होते. तरी वहिनीने मान त्याच्याकडे वळवली. "भाऊजी, डबा टेबलावर ठेवा आणि दोन पावलं मागे व्हा."

"त्याला म्हणावं, डबा माझा आहे. ठेवायचा तेव्हा ठेवीन, आणि उभा आहे तिथेच उभा राहीन."

"अहो, भाऊजी म्हणतायत की..."

"ऐकलं मी!" दादा खेकसला.

दोघा भावांचं तीन वर्षं बोलणं बंद होतं आणि भांडणाचं मूळ याच टेबलावर होतं. वडिलांनी स्वतःच्या हातांनी एक छोटी रेल्वे घडवली होती. पलंगाएवढं टेबल, त्यावर बारीक खिळ्यांनी ठोकलेला रुळांचा लांबट फेरा, एका टोकाला कागदाच्या लगद्याचा डोंगर, डोंगरात बोगदा. आणि त्यावर धावणारं, दीड वीत लांबीचं वाफेचं इंजिन. दिसायला वाफेचं, चालायला विजेचं. वडील गेल्यावर कपाटं, पुस्तकं, भांडी यांच्या वाटण्या चहा निवायच्या आत झाल्या. इंजिनापाशी मात्र सगळं अडलं. दोघांनाही तेच हवं होतं. शेवटी वैतागून दादा ओरडला, "मग काप मधोमध!"

धाकट्याने कापलं. इंजिनाच्या मागचा कोळशाचा डबा आकड्यातून सुटा होत असे. मध्ये फक्त एक वायर होती. ती त्याने कात्रीने तोडली, डबा पिशवीत टाकला आणि तो चपला घालून निघून गेला.

त्यातलं शास्त्र दोघांच्याही डोक्यात नंतर शिरलं. इंजिनाची चाकं वीज घेत उजव्या रुळातून आणि डब्याची डाव्या रुळातून. मोटार फिरायची तर दोन्ही हवेत. म्हणजे डब्याशिवाय दादाकडे उरला होता एक देखणा ठोकळा, आणि धाकट्याकडे एक काळी डबी. पण हे कबूल करायचं म्हणजे दुसऱ्याकडे जाणं आलं. त्यापेक्षा दोघांनी आपापला अर्धा भाग काचेच्या कपाटात ठेवला आणि पाहुण्यांना दाखवला.

हे असंच चाललं असतं. पण गेल्या सोमवारी आईने दोघांनाही एकच निरोप धाडला. "सुनेच्या शाळेच्या मुख्याध्यापिका रविवारी पाचला येणार आहेत. गाडीने त्यांच्यासमोर एक पूर्ण फेरी मारायची, हात न लावता. मारली तर इथेच राहील. नाही मारली तर टेबलासकट शाळेला. मी शब्द दिलाय."

आईने शब्द दिला की तो परत घेता येत नसे. आणि शाळेत गेलेल्या वस्तूंचं काय होतं हे त्याच शाळेत गणित शिकवणाऱ्या वहिनीने सांगितलं होतं. प्रयोगशाळेच्या मागे एक खोली आहे. तिथे मोडका ग्लोब आहे, एक हात नसलेला सांगाडा आहे. त्या सांगाड्याशेजारी बाबांचं इंजिन उभं आहे, हे चित्र दादाला चार रात्री छळत होतं. म्हणून तर आज त्याने धाकट्याला घरात येऊ दिलं होतं.

*

दोन वाजता दादाने वायर जोडली. तो लिफ्टदुरुस्तीच्या कामातला माणूस, वायर जोडणं म्हणजे त्याच्या हातचा मळ. जोडावर कथलाचा डाग देताना धाकटा खांद्यावरून डोकावत होता. तो दातांच्या कवळ्या बनवत असे, त्यामुळे त्यालाही बारीक कामातलं सगळं कळत होतं आणि ते गप्प राहू देत नव्हतं.

"वहिनी, त्याला म्हणावं, डाग देतोय की लाडू वळतोय?"

"अहो..."

"म्हणावं, माझ्या लिफ्टमधून दिवसाला हजार माणसं वर-खाली जातात. त्याच्या कवळ्या जेवताना हातात येतात."

गाडी रुळावर ठेवली. दादाने बटण फिरवलं. ठिणगी उडाली, बटणाशेजारचा धोक्याचा लाल दिवा लागला आणि खोलीत जळकट वास पसरला. दादाने मीटर काढलं, एकेक चाक तपासलं आणि मग त्याच्या चेहऱ्यावर तीन वर्षांत न दिसलेला आनंद दिसला. डब्याच्या एका बाजूच्या चाकांतून वीज जाऊ नये म्हणून मध्ये प्लॅस्टिक घातलेलं होतं. धाकट्याने घरी डबा साफ करताना चाकांची एक जोडी उलटी बसवली होती, त्यामुळे दोन्ही रुळांची वीज डब्यातच एकत्र येत होती.

"तुला... म्हणजे त्याला म्हणावं," आनंदाने दादाची जीभ अडखळली, "चाकं उलटी बसवलीस! दात तरी सुलटे बसवतोस का?"

धाकटा लालबुंद झाला. त्याने जोडी फिरवून बसवली. दादाने पुन्हा बटण फिरवलं. इंजिन थरथरलं, गुरगुरलं आणि डौलात निघालं. मागे.

आता आनंदित व्हायची पाळी धाकट्याची होती. मोटारीची दोन टोकं असतात, एक इंजिनाच्या चाकांचं, दुसरं डब्याचं. रागाच्या भरात दादाने त्यांची अदलाबदल केली होती. बटण 'पुढे' म्हणत होतं आणि गाडी मागे जात होती.

"मग बटणच 'मागे'च्या बाजूला फिरवा की," वहिनी म्हणाली. "म्हणजे गाडी पुढे जाईल."

दोघा भावांनी एकदमच तिच्याकडे वळून पाहिलं. दोघांच्याही नजरेत सारखाच धक्का होता.

"तसं करत नाहीत!" दादा म्हणाला.

"असं कसं करायचं, वहिनी? तिथे 'पुढे' लिहिलंय!" धाकटा म्हणाला.

तीन वर्षांत दोघांचं पहिल्यांदा एकमत झालं होतं. ते लक्षात येताच दोघांनीही तोंडं फिरवली.

तेवढ्यात धाकट्याला फोन आला आणि तो गॅलरीत गेला. दादाला स्वतःची चूक सगळ्यांसमोर सुधारायची नव्हती. त्याने झटकन इंजिनाचं टोपण उघडलं, दोन टोकं बदलली, टोपण लावलं आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्याने चहा आणायला स्वयंपाकघरात गेला. चहा घेऊन आला तेव्हा धाकटा टेबलाशी उभा होता, त्याच चेहऱ्याने.

दादाने बटण 'पुढे' फिरवलं. गाडी मागे गेली.

त्याने डोळे चोळले. टोकं बदलली की दिशा बदलते. हे मत नव्हतं, हा नियम होता. हा नियम खोटा ठरला असता तर शहरातल्या निम्म्या लिफ्टमध्ये उद्यापासून ज्याला तळमजला हवा त्याला गच्चीचं बटण दाबावं लागलं असतं. त्याने इंजिन उचलून वास घेतला. हलवून पाहिलं. समोर धाकटाही टेबलाखाली वाकून रुळांना जाणाऱ्या वायरींकडे, त्यांनी त्याचा विश्वासघात केल्यासारखा, बघत होता.

वहिनीने एकाकडून दुसऱ्याकडे पाहिलं. "तुम्ही इंजिनात बदललंत," ती दादाला म्हणाली. "आणि भाऊजी, तुम्ही टेबलाखाली बदललंत. उणे गुणिले उणे काय होतं, हे मी सातवीला शिकवते. घरातल्या मोठ्या माणसांनाही शिकवावं लागेल असं वाटलं नव्हतं."

"म्हणावं, माझ्या पाठीमागे..."

"आणि मी गॅलरीत असताना..."

"भाऊजी, तुमचा बदल मागे घ्या," वहिनी म्हणाली. वर्गातला आवाज होता तो. धाकटा धुसफुसत टेबलाखाली शिरला.

*

साडेतीनला गाडी पहिल्यांदा पुढे निघाली. सरळ रूळ, वळण, पुन्हा सरळ. चाकांचा तो टिकटिक आवाज ऐकून दादा बोटाने टेबलावर ठेका धरू लागला. धाकट्याने पाहताच त्याने बोट आवरलं. गाडी बोगद्यात शिरली. आतून 'खट्' असा आवाज आला. मोटार कण्हली आणि थांबली.

धाकट्याने डोंगराच्या मागच्या भगदाडातून हात घातला. पडलेली गाडी काढण्यासाठी बाबांनी ते ठेवलं होतं. इंजिनाची पुढची छोटी चाकं रुळावर चढून बाहेर गेली होती. पुन्हा ठेवली, पुन्हा 'खट्'. तिसऱ्यांदाही तेच.

"वहिनी, त्याला विचारा, बाबांच्या वेळी गाडी कधी पडायची का? आपण दोघांनी... म्हणजे मी लहानपणी शेकडो फेऱ्या बघितल्यात. बोगद्यात शिरायची आणि थेट बाहेर यायची. आता तिथले रूळ जवळ आलेत. कशाने आले? या टेबलावर तीन वर्षं लिफ्टचं लोखंड कोण ठेवत होतं?"

उत्तर 'मी' असं होतं आणि ते दादाला माहीत होतं. त्याने मघाशीच मोजपट्टी लावून पाहिलं होतं. बोगद्यातल्या वळणावर दोन रुळांमधलं अंतर अर्धा मिलिमीटर कमी होतं. तेवढं चाकाला वर चढायला पुरेसं होतं. पण हे मान्य केलं असतं तर लिफ्टच्या त्या जड मोटारीचं नाव निघालं असतं, जी गेल्या महिन्यापर्यंत डोंगराला टेकून ठेवलेली होती.

"म्हणावं, रूळ ठीक आहेत," तो म्हणाला. "त्याच्या डब्याचा आकडा ताठ आहे. इंजिनाला मागून धक्के मारतो. मालकावर गेलाय."

"माझा आकडा?" धाकट्याचा आवाज फाटला.

"भाऊजी, जरा बाहेरच्या खुर्च्या लावायला येता का?" वहिनी घाईने म्हणाली आणि त्याला जवळजवळ ओढत घेऊन गेली.

खोलीत दादा एकटा उरला. रूळ सरकवले तर कबुली झाली. पण चाकं त्याची स्वतःची होती. पुढच्या दोन छोट्या चाकांमधलं अंतर कमी केलं तर अरुंद रुळांतूनही ती सुखाने गेली असती आणि कोणाला कळलंही नसतं. त्याने पकडीत आस धरला, चाकं आत दाबली. अर्धा मिलिमीटर पुरला असता. पण दाबताना त्याला 'लाडू वळतोय' आठवलं, आणि एक मिलिमीटर झाला. एकावर थोडं जास्तच.

मग त्याला आतून हाक आली, "अहो, तो मळका शर्ट बदला, बाई येतील!" तो शर्ट बदलून आला तेव्हा धाकटा खोलीत होता. डोंगर किंचित तिरका बसला होता. दादाच्या ते लक्षात आलं, पण तो स्वतःच्या हुशारीवर इतका खूश होता की त्याने ते लक्षातून काढून टाकलं.

साडेचारला गाडी निघाली. दादा छाती काढून उभा होता. धाकटाही छाती काढून उभा होता. हे दादाला आवडलं नाही. गाडी बोगद्यात शिरली आणि या वेळी 'खट्' झालं नाही. 'धप्' झालं.

दोघांनी मिळून डोंगर उचलला. आधी इंजिन रुळावर चढून बाहेर पडत असे. आता ते दोन रुळांच्या मधोमध खाली बसलं होतं, चिखलात बसलेल्या म्हशीसारखं, आणि उठायचं नाव घेत नव्हतं. वळणावर ताज्या उपटलेल्या खिळ्यांची भोकं होती. रूळ चांगले दीड मिलिमीटर रुंद झाले होते.

"तू रूळ सरकवलेस?" दादा ओरडला.

"तू चाकं दाबलीस?" धाकटा ओरडला.

"बाबांच्या रुळांना पकड लावलीस!"

"आणि तू? बाबांच्या चाकांना?"

"माझी चाकं आहेत ती!"

"मग माझ्या डब्याच्या आकड्याला नावं का ठेवलीस, रूळ खराब आहेत हे माहीत असताना? तू लहानपणापासून असाच आहेस, दादा!"

"तू कात्रीने वायर तोडलीस!"

"तू म्हणालास काप!"

"मी रागाने म्हणालो होतो!"

"मीही रागानेच कापली!"

वहिनी दारात उभी होती. "तीन वर्षांनी सरळ एकमेकांशी बोलताय," ती म्हणाली. "सुरुवात अगदी छान केलीत. आता ऐका. दोन्ही उपाय बरोबर आहेत. फक्त एकच पाहिजे. एकाने आपलं मागे घ्या. एकानेच. कोणी ते..."

दारावरची घंटा वाजली. मुख्याध्यापिका वीस मिनिटं आधी आल्या होत्या.

"...तुम्ही ठरवा," म्हणून वहिनी पळाली.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "मी घेणार नाही," दादा म्हणाला. "मी तर मुळीच नाही," धाकटा म्हणाला. तो ताडताड बाहेर गेला, आणि लगेच त्याचा गोड आवाज ऐकू आला, "या बाई, पाणी घेणार?"

दादा टेबलाशी उभा राहिला. घड्याळात पावणेपाच. बाहेर बाई शाळेबद्दल काहीतरी बोलत होत्या आणि आई हसत होती. त्याला सांगाडा आठवला. त्याने इंजिन उचललं. "मोठा आहे ना मी," तो दातओठ खात इंजिनाला म्हणाला. "मग मीच मागे घेतो. दर वेळी मीच! खेळणी मी द्यायची, खिडकीची जागा मी सोडायची, आणि शेवटी चाकंही मीच!" त्याने आस पकडीत धरला आणि चाकं ओढून मोजून पूर्ववत केली. अगदी शंभराव्या भागापर्यंत. इतक्या रागात इतकं नाजूक काम त्याने आयुष्यात केलं नव्हतं.

मग हात धुवायला तो न्हाणीघरात गेला. तेल निघता निघेना. परत येईपर्यंत सगळी मंडळी खोलीत आली होती. धाकटा टेबलाशेजारी उभा होता आणि त्याच्या तोंडावर मोठ्या मनाच्या माणसाचा भाव होता. दादाला ते पाहून बरं वाटलं. त्याने स्वतःही तसाच चेहरा केला.

बाईंना समोरची खुर्ची दिली. आईसाठीही ठेवली होती, पण ती भिंतीला लागून डोंगराच्या मागच्या स्टुलावर जाऊन बसली.

"आई, तिथून काही दिसायचं नाही," दादा म्हणाला.

"मला सगळं पाठ आहे. तू चालव."

दादाने बटण 'पुढे' फिरवलं. गाडी पुढे निघाली. बाईंनी "अय्या!" म्हणून टाळी वाजवली. सरळ रूळ. वळण. सरळ रूळ. बोगद्याचं तोंड जवळ येऊ लागलं तेव्हा धाकटा पुढे वाकून दादाच्या कानाशी पुटपुटला, "काळजी करू नकोस. रूळ मी होते तसे बसवलेत. तू हात धूत होतास तेव्हा."

दादाने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. "मी चाकं होती तशी केली."

"काय?"

"पाणी विचारत होतास तेव्हा."

गाडी बोगद्यात शिरली.

'खट्.'

दोघांनी डोळे मिटले. झालं. ज्या जागी दुपारी साडेतीनला होते, बरोब्बर त्याच जागी ते आले होते. इतकी मेहनत करून, इतक्या काटेकोरपणे. बाईंना काय सांगायचं याची दादा जुळवाजुळव करू लागला. त्याच्या मनात पहिलं वाक्य आलं, 'सांगाडा जरा लांब ठेवा.'

एक सेकंद गेला, दोन गेले. मग मोटार गुरगुरली आणि इंजिन बोगद्यातून बाहेर आलं. सगळी चाकं रुळावर, मागे डबा, टिकटिक करत. ते पुढच्या वळणावरून गेलं आणि जिथून निघालं होतं तिथे आल्यावर दादाने बटण बंद केलं.

"वा!" मुख्याध्यापिका म्हणाल्या. "पूर्ण फेरी झाली की! बोगद्यात जरा जास्त वेळ लागला, नाही?"

"आत स्टेशन आहे," आई म्हणाली.

बाईंनी थोडी हळहळ व्यक्त केली, चहा घेतला आणि शाळेसाठी काही जुनी पुस्तकं असली तर कळवा म्हणून त्या गेल्या. वहिनी त्यांना पोचवायला खाली गेली. दोघं भाऊ डोंगराला वळसा घालून मागे गेले. आई स्टुलावरच होती. तिची उजवी बाही कोपरापर्यंत वर केलेली होती आणि बोटांना काळं तेल लागलं होतं. ती खांदा चोळत होती.

"आई, तू?" दादाने तिच्या बोटांकडे पाहत विचारलं.

"मग काय, आपोआप चढलं? नाक उचलून आत ढकलायचं असतं जरा. रोजचंच आहे ते."

"रोजचं म्हणजे?"

"म्हणजे तुमचे बाबा चालवायचे तेव्हा दर फेरीला. तेव्हा हात चपळ होता, कोणाला कळायचंही नाही. ते वळण पहिल्या दिवसापासून तसंच आहे."

दादाच्या डोळ्यांपुढे इतकी वर्षं बघितलेलं दृश्य नव्याने उभं राहिलं. बाबा समोर बटणापाशी, आणि आई इथे, मागे, मांडीवर बटणं तुटलेला शर्ट घेऊन. इथे उजेड बरा पडतो, म्हणायची. कितीतरी वर्षं तो तोच शर्ट होता.

"आणि बाबांना माहीत होतं?" धाकट्याने विचारलं.

"छे! त्यांना वाटायचं, वळण काय झकास घातलंय आपण. आल्यागेल्याला सांगायचे, मापात तसूभर फरक नाही म्हणून." आईने पदराला बोटं पुसली. "एवढा आनंद व्हायचा त्यांना, मग माझं काय जात होतं?"

"पण एकदा पडली होती गाडी," दादा सावकाश म्हणाला. "मी चौथीत होतो. बाबा म्हणाले, तुम्ही टेबलाला धक्का दिला. आम्हाला दोघांनाही महिनाभर या खोलीत बंदी केली होती."

"तेव्हा मी मावशीकडे गेले होते," आई म्हणाली.

"मला वाटायचं, तू धक्का दिला होतास," धाकटा दादाला म्हणाला.

"मला वाटायचं, तू."

दोघांनाही एकदम संताप आला, आणि जन्मात पहिल्यांदाच दोघांना एकाच माणसाचा आला. पण तो माणूस आता भांडायला सापडण्यासारखा नव्हता. त्यामुळे दादाने आईलाच विचारलं, "मग 'हात न लावता' ही अट कशाला घातलीस?"

"खांदा वर होत नाही आता माझा. म्हटलं, एकजण लिफ्ट दुरुस्त करतो, एक दात करतो, एवढं वळण नीट करतील. नाही जमलं तर शाळेत तरी कोणाचा हात पोचेल."

"मग आज का ढकललंस?"

आईने बाही खाली ओढली. "काय सांगू? 'खट्' ऐकलं आणि हात गेला," ती म्हणाली.

मग धाकट्याने टेबलावरची पकड उचलली. "रूळ सरकवतो मी. अर्धा मिलिमीटर."

"रूळ राहू देत. चाकं दाबतो मी," दादा म्हणाला.

"का? रूळच चुकलेत ना? आईने आत्ताच सांगितलं!"

"बाबांनी घातलेत ते. मी आहे तोवर त्यांना कोणी हात लावणार नाही."

"आत्ता तर तू त्यांच्यावर चिडला होतास!"

"ते वेगळं!"

जिना चढून आलेल्या वहिनीने धाकट्याच्या हातातून पकड काढून घेतली, दादाच्या हातातून इंजिन काढून घेतलं आणि दाराकडे बोट दाखवलं. "मी करते. तुम्ही दोघं बाहेर जा, आणि काय भांडायचं ते तिकडे भांडा."

ते गेले. दार लागलं आणि पलीकडून आवाज चढत गेले. रूळ, चाकं, कात्री, खिडकीची जागा, सगळं निघालं. मध्ये निरोप द्यायला कोणी नसल्यामुळे दोघांनाही ते एकमेकांना तोंडावरच सांगावं लागत होतं, आणि सांगण्यासारखं तीन वर्षांचं साठलं होतं.